मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये

हवामान खात्याचे पुष्कळ इशारे हदगाव तालुक्यात वाया जातात, पण एक इशारा आम्ही आजवर शंभर टक्के पाळत आलो आहोत. टीव्हीच्या पट्टीवर 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' ही ओळ सरकली की बसस्टँडजवळच्या हॉटेलात कुणीतरी हटकून म्हणतं, "चला, आजचं जाणं कॅन्सल." मग सगळे निमूटपणे आणखी एक कट चहा सांगतात. या हॉटेलातला एकही माणूस आजतागायत वादळी हवेत समुद्रात गेलेला नाही. सरकारी यंत्रणेला याहून जास्त सहकार्य कोण देणार?

नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर हदगावची जागा मोठी निःपक्षपाती आहे. पश्चिमेला अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण पाचशे किलोमीटर, आणि आग्नेयेला बंगालचा उपसागरही जवळपास तेवढाच. दोघांशी सोयरीक नाही, दोघांशी वैर नाही. त्यामुळं चक्रीवादळ ही कोकणातल्या नाहीतर ओडिशातल्या लोकांची भानगड आणि आपला विषय दुष्काळ, अशी वाटणी आम्ही मनाशी करून टाकली होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यात दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा कोरोनामुळं सगळे घरातच होते. अख्ख्या तालुक्यानं ते वादळ टीव्हीवर जातीनं पाहिलं. माड वाकत होते, पत्रे उडत होते, वार्ताहर खांबाला धरून 'आपण पाहू शकता' म्हणत होता, आणि आमच्याकडच्या आज्या कळवळून विचारत होत्या, "त्या लेकराला घरात तर घ्या म्हणावं कुनीतरी!"

पुढच्याच वर्षी गुलाब आलं.

नावावरून कुणी घाबरलं नाही, यात आमची चूक नाही. आपल्या भागातल्या समुद्रांवरच्या वादळांना नावं द्यायचं काम तेरा देशांत वाटून दिलेलं आहे. २०२० साली नवी यादी झाली, प्रत्येक देशाची तेरा नावं, एकूण १६९. गुलाब हे नाव पाकिस्ताननं दिलेलं. भारताच्या यादीत गती, तेज, आग, नीर, प्रभंजन अशी नावं आहेत. नाव लहान असावं, उच्चारायला सोपं असावं, त्यात राजकारण, धर्म नसावा आणि कुणाच्या भावना दुखावू नयेत, असे नियम आहेत. आमच्या हॉटेलात 'तलाठी' हे नाव सर्वानुमते सुचवण्यात आलं होतं, कारण येणार येणार म्हणून गाव आठवडाभर वाट पाहतं आणि तो येऊन गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं. भावना दुखावण्याच्या नियमात अडकेल म्हणून ते पुढं पाठवलं नाही.

तर हे गुलाब २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. आमच्याकडं पंचांगात हस्त नक्षत्र लागायचा तोच मुहूर्त. टीव्हीनं सांगितलं, 'वादळ आता कमजोर झालं आहे.' हा शब्द ऐकून हदगाव निर्धास्त झोपलं. सातशे किलोमीटर चालून आलेला आणि वर कमजोर झालेला पाहुणा आपलं काय वाकडं करणार?

इथं हवामान शास्त्रज्ञाची आणि शेतकऱ्याची भाषा वेगळी पडते. वादळाला जोर मिळतो समुद्राच्या कोमट पाण्यापासून. जमिनीवर आलं की तो पुरवठा तुटतो, डोंगर-झाडी आडवी येते, वारा मंदावतो. वारा मंदावला की शास्त्राच्या हिशेबानं वादळ कमजोर. पण समुद्रावरून उचललेलं पाणी ते काही परत करून येत नाही. ते सगळं बरोबरच असतं, आणि वारा थकला की ओझं खाली ठेवायला जागा शोधतं. गुलाबनं तेलंगणा ओलांडून २७ आणि २८ सप्टेंबरला ते ओझं विदर्भ-मराठवाड्यावर ठेवलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, लातूर जिल्ह्यात पुरात अडकलेली माणसं काढायला बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, त्याच जिल्ह्यात हेलिकॉप्टरनं माणसं पाण्यातून उचलली जात होती. आमच्याकडं आपत्ती म्हटली की टँकर, एवढंच प्रशासनाला आणि जनतेला ठाऊक. पुरात टँकर घेऊन काय करणार?

आणि गुलाबची गंमत पुढंच आहे. आमच्याकडं हलकं होऊन ते गुजरातकडून अरबी समुद्रात उतरलं, तिथं पुन्हा कोमट पाणी पिऊन ताजंतवानं झालं, शाहीन असं नवं नाव घेतलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळलं. नाव पाकिस्तानचं, जन्म उपसागरातला, मुक्काम मराठवाड्यात आणि शेवट ओमानला. हदगावातून ओमानला जायला एवढी थेट सोय दुसरी कुठलीच नाही.

त्या वर्षापासून हदगावला वादळाचा हंगाम आहे हे आम्हाला मान्य झालं. मे-जूनमध्ये एक आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दुसरा. मग आम्ही रीतसर माहिती ठेवायला लागलो.

माहितीची टंचाई नाही, ही गोष्ट पहिल्यांदा सांगायला पाहिजे. हॉटेलात सकाळी साडेआठच्या सुमारास बसलं तर किमान अर्धा डझन अंदाज एकाच टेबलावर येतात. एक हवामान खात्याचा. हे खातं १८७५ सालचं, म्हणजे आता दीडशे वर्षांचं, त्यामुळं त्याला थोडा मान. दुसरा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा, मंगळवार-शुक्रवारी निघणारा हवामान सल्ला. तिसरा पंजाबराव डखांचा, जो परभणी जिल्ह्यातून निघून प्रत्येक मोबाइलमध्ये दिवसातून अनेकदा पोचतो, कधी ताजा, कधी गेल्या वर्षीचा. पाठवणाऱ्याला तारीख पाहायची सवय नसते, वाचणाऱ्याला तर नसतेच. चौथा पंचांगाचा. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की पाऊस चांगला, कोल्हा, उंदीर, गाढव असलं की कसाबसा. अक्षय्य तृतीयेनंतर बुलढाण्याकडच्या भेंडवळच्या घटमांडणीचाही एक अंदाज येतो, त्यात पावसाबरोबर राजाची गादी राहणार की जाणार हेही असतं, म्हणून तो दोन्ही पक्षांचे लोक वाचतात.

पण सगळ्यात खात्रीचा स्रोत म्हणजे निर्मलची मावशी. नांदेड जिल्ह्यातल्या निम्म्या घरांचे पाहुणे तेलंगणात आहेत, निर्मलला, भैंशाला, आदिलाबादला. उपसागराचं वादळ आमच्याकडं येतं ते त्यांच्या अंगणातून. मावशीचा फोन येतो, "बाप्पा, इकडं काळंकुट्ट झालंय, शेळ्या आत घेतल्या बग." हा फोन म्हणजे आमचं डॉप्लर रडार. फोन सकाळी आला तर दुपारपर्यंत आमच्याकडं लाइट जाते. मावशीनं आजवर कुठलाही रंग जाहीर केलेला नाही.

रंगांचा प्रकार मात्र बारकाईनं समजून घ्यावा असा आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. हदगावात याचं स्थानिक भाषांतर असं झालंय: पिवळा म्हणजे ग्रुपवर पुढं ढकला, नारिंगी म्हणजे ताडपत्री शोधा, लाल म्हणजे शाळेला सुट्टी हाय का विचारा. सुट्टीचा विषय निघाला म्हणून सांगतो, तालुक्यातले सगळ्यात जागरूक हवामान निरीक्षक इयत्ता सातवी ते दहावीत शिकतात. जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश निघायच्या आधी त्यांच्याकडं तो आलेला असतो. फक्त तो दुसऱ्या जिल्ह्याचा असतो.

आणि हदगावची खास अडचण अशी की आमची हवा दोन कचेऱ्यांत विभागलेली आहे. पैनगंगेच्या अलीकडं आम्ही: नांदेड जिल्हा, मराठवाडा. पूल ओलांडला की उमरखेड: यवतमाळ जिल्हा, विदर्भ. मराठवाड्याचा अंदाज निघतो मुंबईच्या प्रादेशिक केंद्रातून, विदर्भाचा नागपूरच्या. त्यामुळं एखाद्या दिवशी नदीच्या या काठावर पिवळा आणि त्या काठावर नारिंगी असतो. ढग एकच. नदी ओलांडताना त्याची बदली होते. निवघ्याकडचा एक शेतकरी, ज्याची जमीन अलीकडं आणि सासुरवाडी पलीकडं, त्यानं एकदा हॉटेलात विचारलं, "मंजे सासऱ्यानं तयार ऱ्हायचं आन् मी नुस्तं लक्ष ठेवायचं व्हय?" सगळे म्हणाले, लग्न झाल्यापासून तेच तर चालू हाय.

दुसरी अडचण 'तुरळक ठिकाणी' या शब्दांची. खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे एकूण केंद्रांपैकी पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. हा आकडा मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण तालुक्यातल्या शंभर टक्के लोकांना वाटतं की ते पंचवीस टक्के शेजारी आहेत. तामशाचा माणूस म्हणतो मनाठ्याला पडेल, मनाठ्याचा म्हणतो तामशाला. पेरणीच्या वेळी मात्र हेच लोक तुरळक म्हणजे आपणच असं गृहीत धरतात आणि पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं ओरडून सांगत असताना पहिल्या सरीला तिफण धरतात.

मग ॲप आली. विजेसाठी दामिनी, शेतीसाठी मेघदूत, बाकी सगळ्यासाठी सचेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं दामिनी हे खरोखर कामाचं ॲप आहे. तुमच्या आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते सांगतं. मराठवाड्यात दर वर्षी वीज पडून माणसं आणि बैल जातात, त्यामुळं यावर हसायचं काही नाही. हसायचं ते पुढच्या भागावर. ॲपला लोकेशन चालू लागतं आणि रेंज लागते. आमच्याकडं आखाड्यावर रेंज येते ती फक्त दोन जागी: उंच लिंबाच्या झाडाखाली आणि विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर. म्हणजे 'झाडाखाली थांबू नका, उघड्या उंच जागी उभे राहू नका' हा संदेश वाचायला माणसाला आधी तिथंच जावं लागतं. गावातल्या पोरांचं वेगळंच. मोबाइलवर लाल वर्तुळ दिसलं की ती अंगणात येऊन बघतात, खरंच वीज पडूलालीय का म्हणून.

२०२३ साली सरकारनं मोबाइलवर थेट इशारा पाठवायची चाचणी घेतली होती, आठवत असेल. एकाच वेळी सगळ्यांचे फोन भोंग्यासारखे किंचाळले. बँकेच्या रांगेतल्या एका काकांनी फोन खिशातून काढून लांब धरला आणि घाबऱ्याघुबऱ्या शेजारच्याला विचारलं, "हप्ता थकला की असं वाजतंय व्हय आता?" ही चाचणी आहे, घाबरू नका, असं त्यावर लिहिलेलं होतं. पण ते वाचायला चष्मा लागत होता, आणि चष्मा घरी होता.

एवढी सगळी माहिती ज्या हॉटेलात जमते तिथून घर फार तर अर्ध्या किलोमीटरवर असतं. तरी ती घरापर्यंत पोचत नाही. पुरुष माणूस तीन रंग, दोन केंद्रं, एक मावशी आणि हवेच्या दाबाची सगळी चर्चा करून घरी येतो आणि आल्या आल्या विचारतो, "लाइट कवा गेली?"

घरात मात्र तोवर सगळं झालेलं असतं. बाईनं सकाळीच वारा पाहून दळण दळून आणलेलं असतं, कारण लाइट गेली की गिरणी बंद. मोटार चालू करून हौद, हंडे, घागरी आणि चार बादल्या भरलेल्या असतात. पऱ्हाट्या आणि गोवऱ्या छपरात गेल्यात, शेळ्या बांधल्यात, पत्र्यावर दगड ठेवलेत, म्हाताऱ्याच्या बीपीच्या गोळ्या आणलेल्या आहेत, आणि सातबारा, पासबुक, आधार कार्ड पिशवीत गुंडाळून पेटीत वरच्या बाजूला. आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तिकेत जी यादी असते, ती जवळजवळ सगळी. पुस्तिका तिनं पाहिलेली नाही. ती हॉटेलात आहे, तिच्यावर भजी ठेवलेत.

ही वाटणी मला फार जुनी आणि फार पक्की दिसते. माहिती पुरुषांकडं, तयारी बायकांकडं. दोघींची गाठ पडत नाही म्हणून बरं, नाहीतर माहितीनं तयारीला कामाला लागू दिलं नसतं.

पुरुषांच्या वाट्याची तयारी एकच, आणि ती म्हणजे ताडपत्री. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण मराठवाड्यातलं सगळं आपत्ती व्यवस्थापन शेवटी तिच्यावर येऊन थांबतं. कृषी सल्ल्यात लिहिलेलं असतं, 'काढणी केलेले पीक सुरक्षित ठिकाणी साठवावे.' एवढ्या सोयाबीनला सुरक्षित ठिकाण असतं तर ते उघड्या रानात गंजी लावून कुणी ठेवलं असतं? सुरक्षित ठिकाण म्हणजे ताडपत्रीच्या खालची जागा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन कापून गंजी लागते, आणि नेमकं तेव्हाच उपसागराला काहीतरी आठवतं. एप्रिल-मेमध्ये हळद शिजवून वाळत घातली की अवकाळीला आठवतं. मधल्या काळात ताडपत्री मोकळी असते असं कुणी समजू नये. गणपतीत ती मंडळाच्या मांडवावर असते, लग्नसराईत स्वयंपाकाच्या जागेवर, दहाव्या-तेराव्याला पंगतीवर. कागदोपत्री तिचा मालक एक असतो, वहिवाट अख्ख्या भावकीची.

तर नारिंगी रंग येतो, आणि घराघरातून एकच प्रश्न निघतो.

"ताडपत्री कुठाय?"

"तुमच्या भाच्यानं नेलती की, हळदीला."

"हळद होऊन चार महिने झाले."

"मंग त्येच्या सासऱ्यानं नेली कडब्यावर. आणा की जाऊन."

मग हा गडी मोटारसायकलवर भाच्याकडं, भाचा सासऱ्याकडं, सासऱ्याकडून ती आखाड्यावर असल्याचं कळतं, आखाड्यावर ती सालगड्याच्या छपरावर बांधलेली असते. भर पावसाच्या तोंडावर कुणाच्या डोक्यावरचं छप्पर कसं काढणार? मोकळ्या हातानं परत यावं लागतं. किंवा सापडते, पण घडी उलगडली की उंदरांनी घडीच्या रेषेवर ओळीनं भोकं पाडलेली दिसतात, अगदी मापात. शेवटी दुकान. नारिंगी इशारा आला की ताडपत्रीचा भाव कसा चढतो हे पाहून मला वाटतं, हवामान खात्याची बुलेटिनं या देशात सगळ्यात मन लावून ताडपत्रीवालेच वाचत असतील.

एवढं करून पाऊस पडून जातो. हदगावकराची खरी तयारी, म्हणजे भरपाईची, तिथून पुढं सुरू होते, आणि तिथं आमचा हात कुणी धरू शकत नाही.

अतिवृष्टी म्हणजे काय, हे कुठल्याही शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. हा पाऊस मोजला जातो मंडळाच्या ठिकाणी असलेल्या यंत्रात. तुमच्या रानात गुडघाभर पाणी असो, यंत्रानं ६४ दाखवले तर झाली ती सर. त्यामुळं वादळी रात्री माणसं आपल्या रानापेक्षा मंडळाच्या आकड्याची जास्त काळजी करतात. "किती पडलं?" "साठ." "आरं देवा, अजून पाच पडू दे!" पीक वाहून गेलेला माणूस आभाळाकडं बघून आणखी पाच मिलिमीटर मागतो, हा प्रकार जगातल्या दुसऱ्या कुठल्या हवामान व्यवस्थेत असेलसं वाटत नाही. पुढं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालेलं असलं पाहिजे. बत्तीस टक्के नुकसान झालेलं शेत मी अजून पाहिलेलं नाही, तसं ते कुणालाच पाहायला मिळत नाही.

एक रुपयात पीकविमा होता त्या काळात नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायची अट होती. लाइट गेलेली, टॉवर बंद, फोनला चार टक्के बॅटरी, आणि चिखलात उभं राहून पडलेल्या पिकाचा फोटो असा काढायचा की त्यात पीकही दिसेल, पाणीही दिसेल आणि अक्षांश-रेखांशही येतील. त्या दोन खरिपांत तालुक्यात बरे फोटोग्राफर तयार झाले. आता ती योजना बदलली, कला तेवढी राहिली. परवा एका लग्नात नवरदेवाच्या मामानं काढलेल्या फोटोवर खाली अक्षांश-रेखांश आले होते.

आता ईसापूरविषयी. पैनगंगेवरचं हे धरण उन्हाळ्यात आमचं असतं आणि पावसाळ्यात आमच्या विरोधात. मार्च-एप्रिलमध्ये कालव्याला पाळी सोडा म्हणून निवेदनं देणारे आम्हीच, आणि ऑगस्टमध्ये सोडू नका म्हणणारेही आम्हीच. धरण भरत आलं की संदेश येतात: अमुक दरवाजे अमुक सेंटिमीटरनं उचलले, विसर्ग इतका क्युमेक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. क्युमेकचं क्युसेक करायला पस्तीसनं गुणायचं, हे हॉटेलातल्या पोऱ्यालाही पाठ आहे. तो गुणाकार झाला की सगळे गंभीर होतात. पण एवढ्या क्युसेकला पाणी नेमकं कुणाच्या बांधापर्यंत येतं, हे विचारलं की टेबलावर शांतता. ते फक्त नदीकाठच्या म्हाताऱ्याला माहीत असतं. तो क्युसेक मोजत नाही. पाणी महादेवाच्या देवळाच्या कोणत्या पायरीवर आहे ते बघतो आणि त्यावरून म्हशी सोडतो. माझ्या मते प्रत्येक गावानं आपल्या पायरीची आणि धरणाच्या आकड्याची सांगड घालून ती पाटी देवळाच्याच भिंतीवर लिहून ठेवावी. खर्च एका रंगाच्या डब्याचा. हे मी विनोदानं लिहीत नाही.

कारण 'सतर्क राहावे' याचा आमच्याकडं लावला जाणारा अर्थ 'पूर बघायला जावे' असा आहे. कयाधूला किंवा पैनगंगेला पाणी आलं की गावचं गाव पुलावर. बायका नारळ आणि ओटी घेऊन येतात, ते मी समजू शकतो, नदी घरची आहे. पण पोरं कठड्यावर चढून पाठीमागचं पाणी फोटोत घेतात, बाप खांद्यावर लेकरू घेऊन उभा असतो, आणि शेंगदाणेवाला तर इशाऱ्याच्याही आधी येऊन थांबलेला असतो. पोलिस शिट्ट्या मारतात, लोक थोडे मागं सरकतात, पोलिस वळले की पुढं. ज्या तालुक्यात संक्रांतीच्या सुमाराला तामशाच्या बारालिंगाला हजारोंची भाजी-भाकरीची पंगत कुणाला धक्का न लागता उठते, तिथं पुलावर ही शिस्त का दिसत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही. बहुधा पुलावर वाढपी नसतात म्हणून.

आणि मग तो एक शहाणा येतोच. पुलावरून पाणी चाललेलं असतं, दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या असतात, आणि तो म्हणतो, "घोटाभर तर पाणी हाय. मी रोज जातो या पुलावरून." रोज जातो हे खरं असतं. रोज त्यावर पाणी नसतं, एवढंच तो विसरतो. वाहत्या पाण्याखाली रस्ता राहिलाय की खचलाय हे दिसत नाही, आणि फूट-दीड फूट खोलीचं वेगाचं पाणी गाडीला तरंगवून कडेला नेतं. शहाण्याच्या मागं आणखी दोघं निघतात, कारण पुढचा गेला म्हणजे जाता येतं असा आपल्याकडं वाहतुकीचा नियम आहे.

गुलाबच्या पावसात, २८ सप्टेंबर २०२१ च्या सकाळी, नांदेड-नागपूर मार्गावरची एसटी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात वाहून गेली. पुलावरून पाणी चालू होतं. माणसं गेली. हदगावहून त्या बाजूला जाताना आपल्यापैकी पुष्कळ जण त्याच पुलावरून जातात, आणि तो नाला एरवी इतका लहान दिसतो की त्याचं नाव विचारायचंही कुणाला सुचत नाही.

तेव्हा अंदाज कुणाचाही ऐका, मुंबईचा, नागपूरचा, परभणीचा, नाहीतर निर्मलच्या मावशीचा. ताडपत्री भाच्याकडून आत्ताच मागवून घ्या. आणि पुलावरून पाणी असलं तर गाडी मागं वळवा. हदगावात हॉटेलं पुष्कळ आहेत, चहा बरा मिळतो, आणि हवेच्या दाबावर बोलायला तिथं माणसं नेहमीच बसलेली असतात.